शेवटचे ताट

तुमच्या घरातील स्वयंपाकघरात तुम्ही रोज जाता. पाणी पिता, भूक लागली की डबे उघडून पाहता. पण तेथील मांडणी तुम्ही कधी लक्ष देऊन पाहिली आहे का? कोणता डबा कोठे ठेवलेला आहे, कोणता डबा नेहमी भरलेला असतो, कोणता लवकर रिकामा होतो, याचा कधी विचार केला आहे का? बहुतेकांनी केलेला नसेल. आपण काय खावे हे आपण ताटावर बसल्यावर ठरवतो असे आपल्याला वाटते. खरे तर ते त्याआधीच ठरलेले असते. बाजारातून जे घरी आले आणि फळीवर जे हाताशी ठेवले, तेच शेवटी पोटात जाते.

ही गोष्ट मला पुस्तकातून कळली नाही. ती मला आमच्या घरातील तीन फळ्यांनी शिकवली.

आमचे घर मालेगावात होते. अब्बा यंत्रमागावर काम करीत. घरात आम्ही सहा माणसे होतो. दादी, अब्बा, अम्मी आणि आम्ही तीन भावंडे. स्वयंपाकघर म्हणजे वेगळी खोली नव्हती. खोलीचा एक कोपरा, तेथे स्टोव्ह, पाण्याचा माठ आणि भिंतीला ठोकलेल्या तीन फळ्या. शुक्रवारी माग बंद असत. आठवड्याचा पगार हातात आला की त्याच दिवशी आठवड्याचा बाजार होत असे. गहू, तांदूळ, तेल, साखर, चहा, थोडी डाळ, थोडी भाजी आणि मुलांसाठी बिस्किटांचे पुडे. शुक्रवारी घरात सर्व काही असे. बुधवारपर्यंत भाजी आणि डाळ संपत असे. साखर आणि चहा मात्र कधी संपू दिला जात नसे.

१९९४ साली मी नववीत शिकत होते. त्या वर्षी अम्मीला वारंवार चक्कर येऊ लागली. पाण्याची कळशी उचलली तरी तिला दम लागे. चेहरा फिकट दिसे. "काही नाही, उन्हाने होते," असे ती म्हणायची. एक दिवस ती चुलीपुढेच बसून राहिली, तिला उठता येईना. तेव्हा अब्बा तिला दवाखान्यात घेऊन गेले. मीही बरोबर होते. तेथे रक्त तपासले. हिमोग्लोबिन फक्त ८ निघाले. स्त्रियांच्या रक्तात ते निदान १२ असावे लागते. हिमोग्लोबिन म्हणजे रक्तातील तो पदार्थ, जो प्राणवायू शरीरभर पोहोचवतो. तो तयार होण्यासाठी अन्नातून लोह मिळावे लागते.

तपासणाऱ्या डॉक्टरीण बाई वयाने मोठ्या होत्या. त्यांनी गोळ्या लिहून दिल्या. मग कागदावरून नजर वर करून त्यांनी अम्मीला एकच प्रश्न विचारला, "बाई, घरात तुम्ही कितव्या जेवता?"

अम्मी हसली. तिला हा प्रश्नच नवीन होता. ती म्हणाली, "सगळ्यांचे झाले की मग मी."

"आणि तेव्हा भांड्यात काय उरलेले असते?"

अम्मीने उत्तर दिले नाही. अब्बांनी मान खाली घातली.

मित्रांनो, त्या एका प्रश्नात आमच्या सगळ्या घराचे चित्र होते. आमच्याकडे अम्मीला कोणी उपाशी ठेवत नव्हते. अब्बा मायाळू होते. दादी तिला लेक मानत होती. पण सर्वांना वाढून झाल्यावर डाळीच्या भांड्यात तळाचे पाणी उरे आणि भाजी संपलेली असे. मग अम्मी चटणीबरोबर रोटी खाई आणि वर कपभर चहा पिई. पुन्हा काही शिजवावे तर फळीवर काही नसे. कोणाचाही वाईट हेतू नव्हता, तरी शेवटचे ताट रोज अपुरे राहत होते.

हे केवळ आमच्या घरी होते असे समजू नका. २०१९ ते २०२१ या काळात आपल्या देशात पाचवे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण झाले. त्यात असे आढळले, की महाराष्ट्रातील १५ ते ४९ वर्षे वयाच्या १०० स्त्रियांपैकी सुमारे ५४ स्त्रियांना रक्तक्षय आहे. भारतात हे प्रमाण १०० पैकी ५७ होते. म्हणजे सरासरी दर दोन स्त्रियांपैकी एकीहून अधिक जणींना, कोणाच्या तरी आईला किंवा बहिणीला, रक्तक्षय होता. रक्तक्षयाची कारणे अनेक असतात, पण अपुरे अन्न हे त्यातील एक मोठे कारण आहे.

दवाखान्यातून घरी आल्यावर दादीने सारी हकिकत ऐकून घेतली. दादी शाळेत गेलेली नव्हती. तिचे लहानपण खेड्यात, शेतात गेले होते. ती थोडा वेळ गप्प बसली. मग उठून तिने तिन्ही फळ्यांवरचे सर्व डबे खाली उतरवले. आम्ही मुले बघत राहिलो.

दादीचा नियम साधा होता. ती म्हणाली, "जे रोज खायचे ते हाताशी. जे कधीतरी खायचे ते उंचावर." साखरेचा डबा तिने सर्वांत वरच्या फळीवर ठेवला. बिस्किटांचा डबाही तेथेच गेला. मधल्या फळीवर, जेथे लहान भावाचाही हात पोहोचत होता, तेथे भाजलेले चणे, शेंगदाणे आणि गूळ आला. त्याच फळीवर तुरीची, मुगाची आणि मसुराची डाळ, मटकी आणि हरभरे यांचे डबे ओळीने लागले. सर्वांत खालच्या फळीवर गहू, बाजरी आणि तांदूळ यांचे जड डबे बसले.

मग तिने अब्बांना सांगितले, "बेटा, पगार झाला की आधी डाळ घे, मग साखर. डाळीचा डबा भरल्याशिवाय बिस्किटांच्या दुकानात जायचे नाही." अब्बांनी ते मानले. पगार तेवढाच होता. फक्त खरेदीचा क्रम बदलला.

पुढे शिकताना मला कळले, की दादीच्या त्या मधल्या फळीमागे बरेच शास्त्र होते. कोणत्याही डाळीत १०० ग्रॅममागे २० ते २५ ग्रॅम प्रथिने असतात. शेंगदाण्यांतही जवळजवळ तितकीच असतात. शरीराची वाढ आणि झीज भरून काढण्याचे काम प्रथिने करतात. गहू-तांदळाच्या प्रथिनांत लायसिन नावाचा एक घटक कमी असतो. तो डाळींत भरपूर असतो. म्हणून धान्य आणि डाळ एकत्र खाल्ली की दोन्हींची उणीव भरून निघते. आपल्या आजीने केलेली साधी खिचडी ही अशी पूर्ण जेवणाची युक्ती आहे.

बाजरीत लोह चांगल्या प्रमाणात असते. नाचणीत १०० ग्रॅममागे सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, म्हणजे तितक्याच दुधाच्या जवळजवळ तिप्पट. ही धान्ये गरिबाची म्हणून अनेक वर्षे मागे पडली होती. पुढे संयुक्त राष्ट्रसंघाने २०२३ हे वर्ष आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून पाळले, तेव्हा शहरातील लोकांनाही त्यांची आठवण झाली. दादीला मात्र ती आधीपासून ठाऊक होती.

धान्य किती सडावे, पीठ किती चाळावे यालाही महत्त्व आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरची गोष्ट. ख्रिस्तियान आइकमान नावाचे डच डॉक्टर जावा बेटावर काम करीत होते. तेथे बेरीबेरी नावाच्या रोगाने माणसांचे पाय लुळे पडत. त्यांनी पाहिले, की पांढराशुभ्र, सडलेला तांदूळ खाणाऱ्या कोंबड्यांनाही तसाच रोग होतो आणि कोंड्यासकट तांदूळ दिला की त्या बऱ्या होतात. आपण ज्याला निरुपयोगी समजून फेकून देतो त्या कोंड्यातच जीव वाचवणारा पदार्थ होता. पुढे अशा पदार्थांना जीवनसत्त्वे हे नाव मिळाले. या संशोधनासाठी आइकमान यांना १९२९ साली नोबेल पारितोषिक मिळाले. म्हणून कणीक फार बारीक चाळू नये, तांदूळ पुन्हापुन्हा चोळून धुऊ नये आणि मैद्याला रोजच्या जेवणात जागा देऊ नये.

आपल्या महाराष्ट्राला अभिमान वाटावा अशा एका शास्त्रज्ञ स्त्रीने याच फळीवरच्या वस्तूंचा अभ्यास केला होता. त्यांचे नाव डॉ. कमला सोहोनी. १९३३ साली त्यांनी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रवेश मागितला, तेव्हा त्या स्त्री आहेत म्हणून प्रथम नकार मिळाला. त्या मागे हटल्या नाहीत. प्रवेश मिळवून त्यांनी दूध आणि डाळी यांतील प्रथिनांवर काम केले. १९३९ साली केंब्रिज विद्यापीठाने त्यांना डॉक्टरेट दिली. विज्ञान विषयात पीएच.डी. मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय स्त्री मानल्या जातात. उतारवयात त्या मुंबईतील ग्राहकांच्या एका संस्थेत काम करू लागल्या. १९८२-८३ मध्ये त्या तिच्या अध्यक्ष होत्या. त्या संस्थेच्या मासिकाचे नाव होते 'कीमत'. हा शब्द तुमच्या माझ्या घरातलाच आहे ना?

खरेच, स्वयंपाकघरात गेले की उर्दू आणि मराठी या भाषा शेजारणींसारख्या बोलू लागतात. तुम्ही 'मुरब्बा' म्हणता, मराठीत 'मुरंबा' म्हणतात. तुमचे 'शरबत' ते मराठीचे 'सरबत'. वाण्याच्या यादीतील प्रत्येक वस्तूला मराठीत 'जिन्नस' म्हणतात, तो मूळचा अरबी 'जिन्स'. 'मैदा', 'मसाला', 'दालचिनी', 'पुदिना' हे शब्द तर दोन्हीकडे तेच आहेत. आणि बाजार, वजन, हिशेब, जमाखर्च? तेही तसेच. तेव्हा मराठीत बाजाराची यादी लिहिणे तुम्हांला मुळीच कठीण जाणार नाही. करून पाहा.

आता अम्मीच्या लोहाकडे वळू. दादीने फळ्या लावल्या, पण डॉक्टरीण बाईंनी सांगितलेल्या दोन गोष्टी अम्मीने स्वतः पाळल्या. पहिली गोष्ट, जेवणाबरोबर चहा बंद. चहातील काही पदार्थ अन्नातील लोह शरीराला मिळू देत नाहीत. म्हणून जेवण आणि चहा यांत निदान एक तासाचे अंतर हवे. दुसरी गोष्ट, जेवणात लिंबू. लिंबू, आवळा, पेरू यांत क जीवनसत्त्व असते. ते भाजी-डाळीतील लोह शोषून घ्यायला मदत करते. मटकीला मोड आणले की तिच्यातही हे जीवनसत्त्व वाढते. त्याशिवाय दादीने माळ्यावरची जुनी लोखंडी कढई खाली काढली. लोखंडाच्या भांड्यात शिजवले की अन्नात थोडे लोह उतरते. मांसातील लोह शरीराला लवकर लागू पडते. आमच्याकडे गोश्त आठवड्यातून एकदा येत असे. तेव्हा दुधीभोपळा घालून दालचा केला, की थोडे गोश्तही सहा माणसांना पुरत असे आणि डाळ, भाजी व गोश्त तिन्ही एका भांड्यात मिळत.

वस्तू आणणे सोपे, त्या टिकवणे अवघड. धान्याला कीड लागली की पैसाही जातो आणि अन्नही जाते. दादी गहू उन्हात चांगले वाळवून डब्यात भरी आणि मध्ये सुकलेला कडुनिंबाचा पाला घाली. तुरीच्या डाळीला ती एरंडेल तेलाचा हलका हात लावी. ओला हात किंवा ओला चमचा डब्यात घालायची कोणालाही परवानगी नव्हती. नवीन माल आला की जुना पुढे ओढायचा आणि नवा मागे ठेवायचा, म्हणजे जुना आधी संपतो. कांदा-लसूण वाऱ्याच्या जागी टोपलीत असे. बटाटे वेगळ्या टोपलीत, अंधारात. बटाट्यावर ऊन पडले की तो हिरवा होतो आणि हिरव्या भागात विषारी द्रव्य तयार होते. बुरशी लागलेले किंवा काळे पडलेले शेंगदाणे निवडून फेकून द्यावेत, तेही विषारी असू शकतात. भाजी आधी धुवावी आणि मग चिरावी. चिरून धुतली तर तिचे सत्त्व पाण्याबरोबर वाहून जाते. घरात फ्रीज असेल तर कच्चे गोश्त आणि मासे झाकून सर्वांत खालच्या कप्प्यात ठेवावेत, म्हणजे त्यांचे पाणी शिजलेल्या अन्नावर गळत नाही.

गणित आवडणाऱ्यांसाठी एक छोटा हिशेब सांगते. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, की मोठ्या माणसाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे. सहा माणसांचे झाले ३० ग्रॅम. महिन्याचे ९०० ग्रॅम. म्हणजे सहा माणसांच्या घरात मिठाची एक किलोची पिशवी महिन्याहून अधिक दिवस पुरली पाहिजे. पापड, लोणचे, चिवडा यांतले मीठ वेगळे, म्हणून खरे तर ती आणखी पुरायला हवी. साखर रोज २५ ग्रॅमपर्यंत असावी असे ती संघटना सुचवते. सहा माणसांचे महिन्याला साडेचार किलो झाले, आणि त्यातच बिस्किटे, मिठाई व थंड पेयांतील साखरही मोजायची. तुमच्या घरी किती साखर येते ते विचारा आणि भागाकार करून पाहा. वजन करायला तराजू नको, वाण्याची यादी पुरे.

रमजानच्या महिन्यात ही मांडणी अधिक उपयोगी पडते. इफ्तारच्या वेळी दिवसभराची भूक असते आणि जे समोर दिसेल ते माणूस खातो. तळलेली भजी आणि समोसे भराभर पोटात जातात. आमच्या घरी दुपारीच हरभरे भिजलेले असत. संध्याकाळी ते शिजवून त्यावर कांदा, कोथिंबीर आणि लिंबू घालीत. खजूर, चणे आणि चिरलेली फळे दस्तरखानावर पुढे असत. भजी असत, पण शेवटी आणि थोडी. सेहरीला बाजरीची भाकरी आणि दही खाल्ले की दुपारपर्यंत भूक जाणवत नसे.

आणखी एक बदल झाला, तो फळीवरचा नव्हता. त्याबद्दल सांगितल्याशिवाय ही गोष्ट पूर्ण होणार नाही. एक दिवस जेवायला बसताना अब्बा अम्मीला म्हणाले, "आधी सहा ताटे मांड. सहाही वाढ. मग आपण बसू." अम्मी म्हणाली, "माझे मी नंतर घेईन." अब्बा म्हणाले, "तुझे ताट वाढल्याशिवाय मी घास घेणार नाही." दादी पदराआड हसली. त्या दिवसापासून भांड्यातील डाळीचे सहा वाटे आधी होऊ लागले. कधी प्रत्येकाची वाटी थोडी उणी भरे, पण ती सर्वांची सारखीच उणी असे.

डॉक्टरीण बाईंच्या गोळ्या अम्मीने नेमाने घेतल्या. जेवणही सुधारले. काही महिन्यांनी पुन्हा रक्त तपासले, तेव्हा हिमोग्लोबिन ११ च्या पुढे गेले होते. त्यात गोळ्यांचा वाटा किती आणि डाळीचा किती, हे मला सांगता येणार नाही. पण गोळ्या पुढे बंद झाल्या आणि अम्मीची चक्कर पुन्हा आली नाही. ते सातत्य फळीवरच्या डब्यांनी राखले.

मित्रांनो, तुम्ही म्हणाल, स्वयंपाकघर हे मोठ्या माणसांचे काम, त्यात आम्ही काय करणार? तुम्ही पुष्कळ करू शकता. तुम्हांला वाचता येते. विकत आणलेल्या पाकिटावर त्यातील घटक छापलेले असतात आणि जो घटक सर्वांत जास्त असतो त्याचे नाव सर्वांत आधी लिहावे लागते. पहिल्या दोन नावांत मैदा आणि साखर असेल, तर ते पाकीट वरच्या फळीचे समजा. घरात कोणाला वाचता येत नसेल तर त्यांना ते वाचून दाखवा. पाकिटावरची मुदत संपली आहे का तेही पाहा. डब्यांवर कागदाच्या चिठ्ठ्या चिकटवा, एका बाजूला उर्दूत आणि दुसऱ्या बाजूला मराठीत नाव लिहा. रात्री झोपण्यापूर्वी मूठभर मटकी भिजत घाला. बाजाराला जाताना यादी करा आणि यादीत डाळ पहिल्या ओळीवर लिहा. ही कामे केवळ मुलींची नाहीत. ज्याला भूक लागते त्याला ही कामे आलीच पाहिजेत.

यासाठी मोठे स्वयंपाकघर लागत नाही, महागडे डबेही लागत नाहीत. जुन्या तेलाचा स्वच्छ केलेला पत्र्याचा डबा, झाकण घट्ट बसणारी बरणी आणि एक कोरडी फळी एवढे पुरे. घरात पैसा कमी असेल तेव्हा तर मांडणीचा विचार अधिकच हवा, कारण तेव्हा एक रुपयाही वाया जाऊन चालत नाही.

आणि एक छोटेसे काम मी तुमच्यावर सोपवते. आज रात्री जेवताना लक्ष ठेवा, की तुमच्या घरात सर्वांत शेवटी कोण जेवते. त्या माणसाच्या ताटात काय आहे ते पाहा. घर किती सुखी आहे हे पहिल्या ताटावरून कळत नाही. शेवटचे ताट पूर्ण भरलेले दिसले, तर समजा की त्या घराची मांडणी चांगली आहे. तसे दिसले नाही, तर तुमच्या वाटीतील डाळ त्या वाटीत ओता आणि उद्याच्या यादीत डाळीपुढे लिहिलेला आकडा थोडा वाढवा.